निर्लेखन कशाचे?
जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, जालना, यांचे सेवेशी,



टेंभुर्णी हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोलापूर जिल्ह्यातली, हमरस्त्यावरची टेंभुर्णी उभी राहते. म्हणून आधीच सांगतो की, हे पत्र आपल्याच जिल्ह्यातील, जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीहून, अध्यापनात हयात घालवून निवृत्त झालेला एक मनुष्य लिहीत आहे. ते खाजगी न ठेवता उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, ज्या चुकीची कबुली त्यात द्यावयाची आहे ती माझी असली, तरी तिची झळ ज्यांना पोचू शकली असती ती माणसे शेकड्यांनी मोजण्याइतकी आहेत. आणि तीच चूक आज जिल्ह्यातील कित्येक शाळांत, ग्रामपंचायतींत, सेवा केंद्रांत आणि घरांत, कोणाच्याही मनात खोट नसताना, घडत असली पाहिजे अशी माझी खात्री झाली आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावचा एक विद्यार्थी सायंकाळच्या सुमारास दारी आला. मोटारसायकल कडुनिंबाखाली लावून, चपला उंबऱ्याबाहेर काढून तो बसला, पाणी प्याला, आणि खिशातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे सतरंजीवर ठेवीत म्हणाला, "सर, हे तुमचं आहे. मी उघडून पाहिलं त्याची माफी मागतो. पण पाहिल्याशिवाय कोणाचं आहे ते कळलं नसतं."

हकीकत अशी की, तीन वर्षांपूर्वी मी माझा घरचा जुना संगणक तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात विकला होता. विकताना आतले सगळे पुसून टाका असे मी बजावून सांगितले होते, आणि "फॉरमॅट मारलंय, सर, आता काही राहिलं नाही" असे उत्तर ऐकून निश्चिंत मनाने घरी परतलो होतो. तो संगणक दोन हात बदलून या मुलाकडे आला. त्याच्या हातून त्याचा स्वतःचा प्रकल्प चुकून पुसला गेला; तो परत मिळावा म्हणून मित्राने सांगितलेला, फुकट मिळणारा एक प्रोग्राम त्याने रात्रभर चालविला; आणि सकाळी पाहतो तो पडद्यावर त्याच्या प्रकल्पाच्या आधी माझीच कागदपत्रे ओळीने येऊन उभी राहिलेली.

त्यांत काय नव्हते? माझ्या दिवंगत पत्नीच्या शेवटच्या आजारातील तपासण्यांचे अहवाल होते. आम्हा भावांच्या वाटणीपत्राचा कच्चा मसुदा होता, ज्याच्या समासात रागाच्या भरात लिहिलेले आणि पुढे समेट झाल्यावर आम्ही सर्वांनी विसरावयाचे ठरविलेले शब्द जसेच्या तसे होते. परंतु हे सर्व माझे होते, आणि माझे नुकसान मी सोसले असते. ज्याने माझी झोप उडाली ते निराळेच होते. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शाळेतील शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे असे, शाळेत वीज टिकत नसल्यामुळे ते मी रात्री घरी बसून करीत असे, आणि त्यासाठी दोनशे चाळीस मुलांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे व पासबुकांची पहिली पाने माझ्या संगणकात साठली होती. काम झाल्यावर ती मी पुसली होती. निदान तसा माझा समज होता. पेनड्राइव्हमधील एका चित्रात पासबुकाचे पान मिटू नये म्हणून दाबून धरलेला माझा स्वतःचा अंगठा दिसत होता. दुसऱ्यात एका विधवा मातेने आणलेला पतीच्या मृत्यूचा दाखला होता. चार घड्यांच्या रेघा आणि कोपऱ्यावरचा हळदीचा डाग यांसकट तो इतका स्वच्छ उतरला होता की, तो कागद पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हाती देतानाचा तिचा चेहरा मला आठवला. मजवर विश्वास ठेवून दिलेले ते कागद मी संगणकाबरोबर विकले होते, आणि त्यांची किंमत माझ्या पैशांत धरलेलीही नव्हती.

असे का घडले, हे मी त्या मुलाकडूनच, शिष्य होऊन, समजून घेतले. ते आपल्या तालुक्यातील कोणाही शेतकऱ्याला उमजेल अशा शब्दांत मांडतो. कारण या बाबतीत जी फसगत होते ती बहुतांशी 'पुसणे' या शब्दाच्या भोंगळपणामुळे होते. संगणकाच्या डिस्कमध्ये प्रत्यक्ष मजकुराखेरीज त्या मजकुराची एक नोंदवही असते: अमुक फाइल अमुक ठिकाणी आहे, एवढीच त्यात नोंद. आपण फाइल पुसतो तेव्हा यंत्र त्या नोंदीवर फक्त 'जागा मोकळी' असा शेरा मारते. सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी झाले म्हणून त्याचे शेत उठून जात नाही, आणि शेतातली तूरही आपोआप उपटली जात नाही. तद्वतच नवा मजकूर येऊन ती जागा व्यापीपर्यंत जुना मजकूर तेथेच उभा असतो. आणि दुकानात दोन मिनिटांत जे 'फॉरमॅट मारतात', ते म्हणजे शिवारात पाऊल न टाकता, कचेरीत बसून नवी कोरी वही घालणे आणि सारे गट 'पड' म्हणून दाखविणे. पुनःप्राप्तीचा जो प्रोग्राम त्या मुलाने चालविला तो या वहीच्या भरवशावर राहतच नाही. तो बांधाबांधाने सारे शिवार फिरतो. छायाचित्राच्या प्रत्येक फाइलीचा आरंभ ठराविक चिन्हांनी होतो, पीडीएफचा दुसऱ्या ठराविक चिन्हांनी; पानावरून पीक ओळखणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याप्रमाणे तो आरंभावरून फाइल ओळखतो आणि कापून घरी आणतो.

उपाय एकच, आणि तो म्हणजे नांगरट. डिस्कच्या प्रत्येक जागेवर, वहीत ती भरलेली असो वा मोकळी, शून्ये किंवा निरर्थक अंक लिहून काढावयाचे. विंडोजची व्हिस्टा आवृत्ती आल्यापासून, फॉरमॅट करताना 'क्विक' या शब्दापुढची खूण काढली, म्हणजे यंत्र हे काम स्वतःच करते; डिस्कपार्ट या हुकुमातील 'क्लीन ऑल' ही आज्ञाही हेच करते, मात्र ती देताना डिस्कचा क्रमांक दोनदा वाचावा, नाहीतर चांगल्या शेतावर नांगर जायचा. ज्या डिस्कवर विंडोज स्वतः चालू असते तीवर विंडोज नांगर धरू शकत नाही. तिच्यासाठी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून चालविण्याचे विनामूल्य प्रोग्राम आहेत. पाचशे जीबीच्या जुन्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. दुकानातील दोन मिनिटे आणि हे दोन-तीन तास यांतील अंतर हेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म होय.

पस्तीस वेळा लिहिल्याशिवाय मजकूर खरा पुसला जात नाही, अशी एक समजूत जाणकारांतही आढळते. ती पीटर गुटमन या संशोधकाच्या १९९६ च्या एका निबंधातून निघाली. परंतु ती संख्या त्या काळच्या नाना तऱ्हेच्या डिस्का ध्यानी घेऊन काढलेली होती, आणि आधुनिक डिस्कांना ती लावण्यात अर्थ नाही, असे पुढे खुद्द गुटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार साध्या चुंबकीय डिस्कवर एकदा पूर्ण लिहिणे सर्वसाधारण कामासाठी पुरेसे आहे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पस्तीस वेळांच्या धास्तीने माणूस एकदाही करीत नाही.

नव्या लॅपटॉपांत जी एसएसडी नावाची, फिरत्या चकतीविना चालणारी साठवण असते तिची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तेथे नांगरटीचा दाखला अपुरा पडतो. तिच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो, आणि कोणताही एकच तुकडा वारंवार वापरून झिजू नये म्हणून तो लिखाण सतत इकडून तिकडे फिरवीत असतो. आपण त्याला बारा नंबरचा गट नांगरावयास सांगितले, तर तो भलताच गट नांगरतो, आपल्या वहीत त्यालाच बारा नंबर देतो, आणि जुना बारा उभ्या पिकासह काही काळ तसाच राहतो. म्हणून एसएसडीच्या बाबतीत तिच्या कारखानदारानेच आत घातलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. किंवा पहिल्या दिवसापासून सारा मजकूर सांकेतिक लिपीत साठवावा, म्हणजे विकताना फक्त त्या लिपीची किल्ली नष्ट केली की उरलेला ढीग कोणासही वाचता येत नाही. अलीकडचे मोबाइल फोन याच तत्त्वावर चालतात, आणि म्हणूनच योग्य रीतीने रीसेट केलेला नवा फोन जुन्या संगणकापेक्षा निर्धास्तपणे विकता येतो.

आता, साहेब, मूळ मुद्द्याकडे येतो. सरकारी कचेरीतील वा शाळेतील वस्तू निकामी झाली म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवहीतून ती कमी करण्याच्या कारवाईस आपल्याकडे 'निर्लेखन' हा फार सुंदर शब्द आहे. लिहिलेले न-लिहिलेले करणे, हा त्याचा अक्षरशः अर्थ. मी स्वतः शाळेच्या निर्लेखनाच्या कागदांवर सह्या केल्या आहेत: मोडकी बाके, फुटके नकाशे, गंजलेल्या पेट्या, आणि शेवटी शेवटी संगणक. बाकाच्या बाबतीत वहीतील ओळ रद्द झाली की प्रकरण मिटते, कारण बाक काही बोलत नाही. संगणकाच्या बाबतीत वहीतील एक ओळ न-लिहिलेली होते आणि डिस्कमधील लक्षावधी ओळी लिहिलेल्याच राहतात. नाव निर्लेखनाचे, आणि ज्याचे निर्लेखन व्हावयास हवे ते सोडून सर्व गोष्टींचे ते होते. त्या समितीत बसून हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही, याचा मला आज मनापासून खेद आहे.

कोणी म्हणेल, खेड्यातील चार संगणकांत असे काय मोठे असणार? याचे उत्तर मला दूरच्या एका दाखल्यात सापडले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ डिस्का विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. एक डिस्क बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली होती, आणि तीत वर्षभराचे व्यवहार शाबूत होते. यावर कोणी म्हणेल की तो काळ जुना. तर २०२२ साली मॉर्गन स्टॅन्ले या बलाढ्य वित्तसंस्थेला तेथील रोखे बाजाराच्या नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला तो याच कारणासाठी: जुनी यंत्रे काढून टाकण्याचे काम त्यांनी सामान हलविणाऱ्या, या कामाचा अनुभव नसलेल्या कंपनीकडे दिले, आणि ग्राहकांच्या माहितीसह काही डिस्का लिलावात गेल्या. ज्यांच्या पदरी वकिलांची व तंत्रज्ञांची पलटण आहे त्यांच्याकडून हे घडते, तर एकट्याने सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

आणि त्या तरुणाच्या संगणकात काय असते ते आपण जाणताच. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा, आणि जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा, या केंद्रांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या होत्या. बाया शेतातली निंदणी सोडून, कडेवर लेकरू घेऊन, आधार, शिधापत्रिका आणि पासबुक एका पिशवीत घालून आल्या. केंद्रचालकाने ते कागद स्कॅन केले, अर्ज भरला, पावती दिली. अर्ज सरकारकडे गेला, पण स्कॅन त्या यंत्रात राहिले, बहुधा गावाच्या नावाने केलेल्या फोल्डरमध्ये. पुढेमागे ते यंत्र बदलले जाईल. जुने यंत्र कोठे जाईल?

आपला जिल्हा हा बियाण्यांचा, तसाच पोलादाचाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात, त्यामुळे आमच्याकडे लोकांची अशी भाबडी समजूत असते की, जुनी वस्तू भंगारात गेली म्हणजे तिचे भस्म झाले. भट्टीत पडलेल्या डिस्कविषयी मलाही चिंता नाही. परंतु चालू डिस्क भट्टीपर्यंत पोचतच नाही; भंगारवाला ती वेगळी काढतो, कारण तिला किलोच्या भावापेक्षा अधिक किंमत येते. आणि ती तशी यावी, हेच योग्य आहे. ज्या मुलाने माझे कागद आणून दिले त्याला नवा संगणक परवडत नव्हता. जुना मिळाला म्हणून त्याचे शिक्षण चालले आहे. यास्तव डिस्कवर हातोडा मारा असे मी सुचवीत नाही. नादुरुस्त, पुसताच न येणारी डिस्क अवश्य भोके पाडून मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे द्यावी. पण चालणारी डिस्क पुसावी आणि गरिबाच्या मुलाला वापरू द्यावी.

कागद किती काळ बोलतो, हे या जिल्ह्याला कोणी सांगावयास नको. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांतून निजामी अमदानीतील नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कित्येक दशके कोणी न सोडलेले रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध पडला, आणि पणजोबाच्या नावापुढील 'कुणबी' या एका शब्दावर नातवंडांचे भवितव्य तोलले जाऊ लागले. ते कागद टिकले, कारण दप्तर राखण्याची एक शिस्त होती. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट करावयाचा, हे तलाठी सज्जापासून आपल्या कचेरीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्या शिस्तीत राखण्याइतकेच नष्ट करण्यालाही स्थान होते. मुदत सरलेला कागद यादी करून, अधिकाऱ्याच्या सहीने जात असे. डिस्कच्या आगमनाने ही घडी विसकटली. जे राखावयाचे ते एका बिघाडासरशी हरवते, आणि जे ड वर्गाच्याही लायकीचे नाही, ज्याचे काम पावती मिळताच संपले, ते परक्याच्या घरी जाऊन राहते.

कायदा नष्ट करण्याच्या या शिस्तीकडे वळला आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, प्रयोजन संपल्यावर माहिती पुसण्याचे कर्तव्य ती गोळा करणाऱ्यावर घातले; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यांतील बहुतेक कर्तव्ये अठरा महिन्यांनी अंमलात यावयाची आहेत. तोपर्यंत वाट पाहण्याचे आपणांस कारण नाही, कारण सेतू समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे आणि सेवा केंद्रे आपल्याच देखरेखीखाली चालतात.

माझी विनंती थोडकी आहे. जिल्ह्यातील कोणत्याही कचेरीच्या, शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या निर्लेखन प्रस्तावात संगणक असेल, तर डिस्कचा क्रमांक, ती कशी पुसली, कोणी पुसली आणि कोणासमक्ष, एवढ्या मजकुराचा पंचनामा जोडल्याविना त्यास मंजुरी मिळू नये. सेवा केंद्रचालकाने यंत्र विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला देण्यापूर्वी हेच करावे, आणि एरवीही महिनाअखेरीस लोकांचे स्कॅन काढून टाकावे. आणि प्रत्येक तहसील कचेरीत महिन्यातून एक दिवस असा असावा की, कोणाही नागरिकाने आपला जुना संगणक आणावा आणि तो समक्ष, विनामूल्य पुसून न्यावा. हे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुले आनंदाने करतील. त्यासाठी लागणारे प्रोग्राम फुकट आहेत, आणि खर्च काय तो विजेचा व वेळेचा.

माझ्या त्या डिस्कचे निर्लेखन त्या मुलाच्या घरी झाले. त्याने आपले सामान आधी दुसरीकडे उतरवून घेतले, आणि आम्ही दोघे पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा पाहत बसलो. त्याच्या आईने दोनदा चहा केला, मध्ये वीज गेली आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि शंभराचा आकडा लागला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पुन्हा तोच प्रोग्राम चालविला. काही सापडले नाही. पेनड्राइव्हही पुसला, परंतु त्यापूर्वी त्यातील दोनशे चाळीस नावांची यादी मी हाताने वहीत उतरवून घेतली, आणि तेव्हापासून एकेका घरी जाऊन झाला प्रकार सांगत आहे, कारण मधल्या दोन मालकांनी काय पाहिले, काय नाही, हे मला माहीत नाही. आजवर एकसष्ट घरे झाली. बहुतेकांनी मलाच धीर दिला. ज्यांचा हळदीचा डाग असलेला दाखला होता त्या बाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, आता ते कागद दुसऱ्या कुणाकडे नाहीत ना?" मी त्यांना होय म्हणू शकलो नाही, नाही म्हणू शकलो नाही.

ज्या शाळेतून मी निवृत्त झालो तेथील एका खोलीत अकरा जुने संगणक पोत्यांखाली झाकून ठेवलेले आहेत. त्यांचे निर्लेखन मार्चअखेर व्हावयाचे असून त्यानंतर लिलाव होईल. मुख्याध्यापकांना मी भेटलो. पुसण्यास त्यांची तयारी आहे, फक्त तसा वरून आदेश असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. लिलावाची तारीख अद्याप लागलेली नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना